थोरली

पणजी १९७४ साली वारली. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदीत तिचं वय ७० लिहिलंय. माझे आजोबा शाळेच्या दाखल्याप्रमाणे १९११ चे. चावडीसमोरच्या कट्ट्यावर बसून मी ही वजाबाकी केली, मग पुन्हा एकदा केली. पणजी १९०४ ची आणि तिचा मुलगा १९११ चा. सात वर्षांची आई कशी असेल?

हा दाखला काढायचं काही कारणच नव्हतं खरं तर. बाबा २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. वारसनोंद करायला घेतली तेव्हा कळलं की गावाकडच्या सहा गुंठ्यांच्या एका तुकड्यावर अजून पणजीचंच नाव आहे. पन्नास वर्षं कुणी ते कमी केलं नव्हतं. तलाठ्यांनी तिच्या मृत्यूचा दाखला मागितला आणि ग्रामपंचायतीत तो तासाभरात मिळाला. बाबांचं शेवटचं तोंडसुद्धा आम्हाला बघायला मिळालं नव्हतं. त्यामुळे असेल, त्यांच्या मागच्या माणसांचे कागद हातात आले की मला ते सोडवत नव्हते.

आमचं गाव भोगावतीच्या काठावर, करवीर तालुक्यात. घर आता कोल्हापुरात शिवाजी पेठेत, पण शेत, भाऊबंद, देव सगळं गावात. पणजीचा फोटो आमच्या सोप्यात लावलेला आहे. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, आणि मांडीवर माझे बाबा, दोन वर्षांचे. आम्ही सगळे तिला आमची पणजी म्हणून नमस्कार करत मोठे झालो.

वय 'अंदाजे' लिहिलेलं असतं, हे मला सांगितलं गेलं आणि ते खरं आहे. जुन्या नोंदींत वयाला फार धरून बसू नये. शाळेतल्या तारखांचंही तसंच. आजोबांची जन्मतारीख १ जून आहे, माझ्या चार चुलत आजोबांचीही १ जूनच आहे, कारण मास्तरांनी शाळा सुरू व्हायच्या हिशोबानं सगळ्यांना ती देऊन टाकली. पण दोन-तीन वर्षांची चूक वेगळी आणि बाई आई व्हायच्या वयाचीच नसणं वेगळं. म्हणून आजोबांच्या बाजूनं पडताळलं. गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर निघालं. १९१९ मध्ये नाव दाखल, वय ८. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. ते केलं नसतं तर गुराखी पोराचं नाव कुठल्या रजिस्टरात आलंच नसतं, आणि माझी वजाबाकीही झाली नसती. त्या ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ उभी होते.

म्हणजे आजोबांची आई दुसरी कुणीतरी होती.

हे घरात बोलले आणि पहिल्यांदा जे झालं ते मी धरलंच नव्हतं. गावातल्या चुलतभावाचा फोन आला. "ताई, हे कागद कशाला उकरायला लागलीयास? वाटणीचं काय मनात आसंल तर सरळ सांग." २००५ पासून लेकीलाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, त्यामुळे माहेरवाशिणीनं फेरफार मागितले की घराघरात पोटात गोळा येतो. मला राग आला नाही, वाईट मात्र वाटलं. पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा त्याच्या दारात बसून चहा प्यायले आणि सगळं सांगितलं. त्याची आई मधेच म्हणाली, "आगं, मग ही कळशी बघ जा."

त्या कळशीबद्दल आधी सांगते, कारण इतर सगळ्या कागदांपेक्षा तिनं मला जास्त दिलं. तांब्याची, चांगली पंधरा लिटरची, मानेखाली एक मोठा पोचा. २०१९ च्या महापुरात भोगावतीचं पाणी चुलत्यांच्या माजघरात शिरलं, तेव्हा माळ्यावरून खाली काढून ठेवलेली भांडी आणि ट्रंक गाळात गेली. ट्रंकेतले कागद गच्चीवर वाळत घातले. निळ्या शाईचं सगळं धुऊन गेलं होतं. बोरूनं काळ्या शाईत लिहिलेल्या दोन-तीन कागदांवर वाचता येईल इतपत राहिलं होतं. कळशी चिखलानं भरली होती, म्हणून काकूंनी ती चिंच-मिठानं घासली, आणि काठाखाली ठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं दिसायला लागली. लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालून द्यायची पद्धत आपल्याकडे जुनीच. काकूंना वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी ती तशीच उपडी ठेवून दिली होती.

मी ती उन्हात धरली. बोट फिरवलं तर ठिपके डोळ्यांपेक्षा बोटाला जास्त कळत होते. आधी 'श्री'. मग एक अक्षर पूर्ण झिजलेलं, राखेनं आणि माजणीनं. मग स्पष्ट 'नूबाईस'. पुढं 'भाऊ'. आणि त्याच्या पुढं नेमका पोचा. भावाचं नाव आणि गाव त्या पोच्यात गेलं.

नूबाई. भानूबाई, तानूबाई, कानूबाई, काहीही असू शकतं. पणजीच्या नावात 'नू' नाही. काकू म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हापासून ती माळ्यावरच आहे, वापरायची नाही असं सासूनं सांगितलं होतं. का, ते विचारायचं नसतं तेव्हा.

त्या वर्षी सुगी झाल्यावर हेळवी आले. शहरातल्या लोकांना हेळवी सांगावा लागतो. कन्नडमध्ये हेळव म्हणजे पांगळा. त्यांचा मूळपुरुष पांगळा होता अशी कथा आहे, म्हणून बैलावर बसून, पाय घोंगडीत झाकून, घंटा वाजवत ते दारात येत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागात घराण्यांच्या वंशावळी ठेवणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. कुठली गावं आणि कुठली घरं कुणाकडं, हे ठरलेलं असतं, आणि बापाच्या मागं ती घरंही मुलांत वाटली जातात. आमचे हेळवी आता मोटरसायकलवर येतात. पण पटका तोच, आणि वही जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. पूर्वी ते आले की बाबा धान्य आणि पैसे देऊन मोकळे व्हायचे. या वेळी मी घोंगडं अंथरलं आणि म्हणाले, सगळं वाचा, घाई नाही.

ते वाचत नाहीत खरं तर, म्हणतात. एका लयीत, अमका बिन तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा अमका, त्याचे मुलगे किती, कोण कुठं गेला. नऊ पिढ्या ऐकल्या. मूळ गाव, तिथून का उठलो, नदीकाठी कसे आलो. पणजोबांपाशी आल्यावर मी त्यांना थांबवलं. आम्हाला माहीत होते ते दोन भाऊ. हेळव्यांच्या वहीत तीन. तिसरा पहिल्या महायुद्धात फौजेबरोबर गेला, परत आला नाही, वंश नाही. त्याचा शोध मी वेगळा घेतेय, तो मोठा विषय आहे.

"आणि पणजोबांची बायको?"

त्यांनी ओळ पुन्हा बघितली. "कुटुंबं दोन," म्हणाले.

"नावं?"

"बाईमाणसाची नावं न्हाईत घालत आमी, ताई. तुमच्या वहीत तर न्हाईतच."

नऊ पिढ्यांत ६० च्या वर पुरुषांची नावं त्यांनी मला म्हणून दाखवली. बायका फक्त आकड्यात होत्या, आणि तोही जिथं एकीपेक्षा जास्त होत्या तिथंच. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना जे काम दिलं होतं ते त्यांनी इमानानं केलं, आणि 'दोन' हा आकडा जपला नसता तर मी अजून वयाच्या चुकीवरच अडून बसले असते. पण त्या दिवशी रात्री मला झोप आली नाही.

आता मृत्यूची नोंद शोधायची होती. जुन्या काळी गावात जन्म-मृत्यूचं रजिस्टर असायचं, गाव नमुना नंबर १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. ते तालुक्याच्या अभिलेख कक्षात जमा असतं. अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, नकलेची फी. पहिल्यांदा 'नोंद आढळून येत नाही' असं उत्तर आलं. चूक निम्मी माझी होती. मी आडनावानं शोधायला सांगितलं होतं, आणि त्या काळात आडनाव लिहायची सवय नव्हती. पुरुष असेल तर 'अमका बिन तमका', बाई असेल तर 'अमकी कोम तमका'. कोम म्हणजे बायको. शिवाय सगळं मोडीत. दुसऱ्या अर्जालाही तेच उत्तर, तिसऱ्याला उत्तरच नाही.

म्हणून मोडी शिकले. दहा दिवसांचा वर्ग होता, त्यानंतर वर्षभर घरी सराव. पुराभिलेखागारात जाऊन संस्थानच्या काळातले कागद नुसते वाचत बसायची, आपल्या घराशी काही संबंध नसलेले. मोडी शिकणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे, अक्षर ओळखता आलं म्हणजे मोडी आली असं नाही. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची, शब्द संपला तरी मोकळी जागा नाही, विराम नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. प्रत्येक कुलकर्ण्याचा हात वेगळा. एका गावचं दप्तर वाचायचं तर त्या एका माणसाच्या हाताची ओळख व्हावी लागते, घरातल्या माणसाचा पायरव ओळखावा तशी.

मग २०२३ च्या शेवटी सरकारनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या. राज्यभर जुन्या दप्तरांचे रुमाल सोडले गेले, मोडी जाणणारे बसवले गेले, पानांचं स्कॅनिंग झालं. त्या मोहिमेचं राजकारण लोक आपापल्या जागी बोलतील. जातीच्या रकान्यासाठी उघडलेल्या त्या वह्यांमध्ये शेजारच्या रकान्यात माझी माणसं होती, माझ्यासाठी तेवढं खूप होतं. जानेवारीत पुन्हा अर्ज केला. या वेळी नाव न घालता गाव आणि साल घातलं: १९११ ते १९२०, सगळी पानं.

पानं मिळाली ती एका पेनड्राइव्हवर. १९११ पासून सुरुवात केली. महिन्याला दोन-चार नोंदी. कुणी पटकीनं, कुणी देवीनं, एक विहिरीत पडून. हळूहळू त्या हाताची सवय झाली. १९१८ मध्ये हात बदलला. शाहू महाराजांनी त्या वर्षी संस्थानातली कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले. वहीत त्याविषयी एक अक्षर नाही, पण मला तो बदल तिथंच दिसला. नवा हात मोठा, अक्षर सुटं. मला तो जास्त वाचता येत होता.

आणि मग ऑक्टोबर १९१८.

त्या पानाला मोकळी जागा नाही. ओळी दोन ओळींच्या मधे घुसवलेल्या, समासात आडव्या लिहिलेल्या. त्या महिन्यात तीन पानं भरली होती. शेवटून दुसरा रकाना मरणाच्या कारणाचा. वर एकदा 'ताप' लिहिलंय. खाली 'सदर'. सदर. सदर. सदर. पानाच्या तळापर्यंत, आणि पुढच्या पानावर पुन्हा 'ताप' आणि पुन्हा सदर.

ही मानमोडी. आमच्या भागात १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला मानमोडीच म्हणतात. जूनमध्ये साथ मुंबईला आली, ती सौम्य होती. सप्टेंबरनंतर जी लाट आली तिनं दसरा-दिवाळीच्या दरम्यान गावं रिकामी केली. त्या वर्षी पाऊसही झाला नव्हता. एरवीच्या साथीत म्हातारी आणि पोरं जातात, या तापानं वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं नेली, आणि त्यातही आपल्याकडे बायका जास्त. हे मी आधी वाचलं होतं. पण नव्या तलाठ्यानं लिहिलेली वयं एकाखाली एक बघणं वेगळं. २२, ३०, २५, १९, २८, ३५. मला २०२१ चा मे आठवला, पंचगंगेच्या घाटावरचा, आणि मी लॅपटॉप मिटला. त्या दिवशी पुढं वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सातव्या ओळीत ती सापडली. 'तानु कोम' आणि पुढं माझ्या पणजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव. वय २५. ताप, सदर.

तानूबाई. कळशीवरचं झिजलेलं अक्षर 'ता'.

तिच्या खाली, अकरा दिवसांनी, त्याच घरची आणखी एक ओळ. नावाच्या रकान्यात फक्त 'मुलगी'. वय १ महिना. पुढं पणजोबांचं नाव. कारण, सदर.

आजोबा तेव्हा सात वर्षांचे होते. घरात पंधरवड्याच्या आत आई गेली, बहीण गेली, आणि त्यांनी आयुष्यभर हे कुणालाही सांगितलं नाही. बाबांना माहीत नव्हतं. बाबा जन्मले १९४१ ला, आजोबा वारले १९८८ ला, सत्तेचाळीस वर्षं एका घरात राहून.

हे मी आत्तीला सांगायला गेले. बाबांची थोरली बहीण, ८५ ची, रंकाळ्याजवळ राहते, कान पक्के. मोबाईलवर पान मोठं करून दाखवलं, वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "म्हणजे थोरली."

"कोण थोरली?"

आमच्या देव्हाऱ्यात पाच टाक आहेत. जोतिबा, खंडोबा, अंबाबाई, एक वीर, आणि पाचवा चांदीचा छोटा पत्रा, त्यावर उभी बाई, हात जोडलेले, नाकडोळे घासून गेलेले. नवरात्राआधी देव घासताना आम्ही मुली तिला सवाष्ण म्हणायचो, कुठलीतरी देवी असेल म्हणून. आणि म्हाळातल्या, म्हणजे पितृपक्षातल्या, अविधवा नवमीला आमच्या घरी एक सवाष्ण जेवायला असते. खीर, वडे, गवार-भोपळ्याची भाजी, आळू. तिची ओटी भरायची. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी ही नवमी असते, हे मला माहीत होतं. आमच्यात ती कुणासाठी, हे मी कधी विचारलं नव्हतं. आजीनं केलं, आईनं केलं, वहिनी करते.

आत्ती सांगत होती, "आमची म्हातारी त्या दिवशी सवाष्ण जेवल्याबिगर तोंडात पाणी घ्यायची न्हाई. सोता वाढायची, कुणाला हात लावू द्यायची न्हाई. आमी इचारलं की म्हणायची, थोरलीचा दीस हाय. मला वाटायचं थोरली म्हंजे आंबाबाई. मी सत्तर वरसं तेच समजत आलो."

म्हातारी म्हणजे पणजी. सोप्यातल्या फोटोतली. दुसरेपणावर आलेली पंधरा-सोळा वर्षांची पोर, जिनं आल्या आल्या सात-आठ वर्षांचं पोर पदराखाली घेतलं आणि जन्मभर ते आपलं नाही असं कुणाला कळू दिलं नाही. तिनंच टाक करून देव्हाऱ्यात ठेवला असणार. कळशी वापरायची नाही हेही तिनंच सांगितलं असणार. काकूंच्या सासूनं ते पुढं सांगितलं. १९७४ पर्यंत ती दरवर्षी सवतीची नवमी उपाशी राहून घालत होती, आणि नाव मात्र तिनं उच्चारलं नाही. कदाचित थोरलीचं नाव घ्यायचं नसतं म्हणून, कदाचित ते पोरगं ऐकेल म्हणून. याचा कागद मिळणार नाही.

मला सुरुवातीला एक भीती होती, की खरी पणजी सापडली की फोटोतली पणजी आपल्याला परकी वाटेल. तसं झालं नाही. उलट मी आता फोटोसमोर थोडी जास्त वेळ उभी राहते.

काही कामं राहिलीत. तानूबाईचं माहेर मिळालेलं नाही. चुलतभावानं कळशी स्वतः एका जुन्या तांबटाकडं नेली होती, पोचा आतून ठोकून काढला तर अक्षरं दिसतील का विचारायला. तांबट म्हणाला, ठोकलं तर आहे तेही जाईल. मग आम्ही ती तशीच ठेवली. आजूबाजूच्या गावांतल्या लग्नांचे, आहेराचे जुने हिशोब कुणाकडं असतील तर बघायचं ठरवलंय. हेळव्यांनी पुढच्या सुगीला वहीत नाव घालायचं कबूल केलंय. बाईचं नाव पहिलंच, म्हणाले, पण घालतो. वंशवृक्ष मी नव्यानं काढला आणि प्रत्येक नावासमोर ते कुठून मिळालं तेही लिहिलं, म्हणजे माझ्यामागं बघणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून चालायला नको.

२०२४ च्या नवमीला वहिनीनं आत्तीला मुद्दाम आणलं. गावातनं काकू आल्या, चुलतभाऊ कळशी घेऊन आला. पान वाढलं, टाक पाटावर ठेवला. वहिनीनं हळदकुंकू लावताना मोठ्यानं नाव घेतलं. मी म्हणाले, "आत्ती, त्या मुलीचं काय करायचं? तिचं तर नावच न्हाई." म्हाळात एवढ्या लहान लेकराचं काही करत नाहीत, हे मलाही माहीत होतं.

आत्तीनं थोडा वेळ टाकाकडं बघितलं. मग उठून आत गेली, भिंतीला धरत, कुणाला उठू दिलं नाही. परत आली तेव्हा हातात पळसाचा द्रोण होता. त्यात दूधभात कालवलेला, बारीक, बिनदाताच्या लेकराला भरवावा तसा. तो तिनं पानाला चिकटून ठेवला आणि म्हणाली, "आईजवळ आसूं दे."